पंचवीस शेरडं आणि एक जावई

गोदाक्का,

तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले आणि या बावीस दिवसांत आपल्या घरात एकदाही भांडण झालं नाही. शेजारणी येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "शकू, बरी हायस ना गं?" मी बरी आहे. घराचंच काहीतरी बिनसलंय. परवा चहात साखर जास्त पडली, कुणी बोललं नाही. शेरडं सोडायला ऊन वर आलं, कुणी बोललं नाही. काल मी मुद्दाम तुमच्या भावाला म्हटलं, "तुमच्या बहिणीनं शेरडांना नावं ठिवताना माझ्या माहेरचं एक माणूस सोडलं न्हाई." ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "व्हय." झालं. तुमच्या घराण्यातलं भांडण सगळं तुमच्याच वाट्याला आलं होतं, अक्का. भावासाठी काही उरलंच नाही.

तुम्ही माझ्या थोरल्या नणंद. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही सासर सोडून परत आला होता. का आलात ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासरच्यांनी भांडीकुंडी, लुगडी, सगळं ठेवून घेतलं, फक्त एक काळी शेळी तुमच्या मागं चालत आली, एवढं गावाला माहीत होतं. त्या एका शेळीची त्रेचाळीस झाली. चिटगुप्प्याच्या वाटेवर आपल्या गावामागं जो तांबडा माळ आहे, तिथं तुम्ही रोज त्यांना घेऊन जायच्या आणि मी घर बघायचे. संध्याकाळी तुम्ही आलात की आपलं भांडण सुरू व्हायचं. मोठ्या नणंदेचा मान म्हणून मी भांडतानाही तुम्हाला 'तुमी' म्हणायचे. "अक्का, तुमाला अक्कल हाय का?" असं.

नावांचा राग मला अजून आहे. मोठी मामी, धाकटी मामी, उदगीरची मावशी, काकी, सगळ्या माझ्याकडच्या. मी विचारलं, "माझीच माणसं कामून?" तर म्हणालात, "त्यांच्यासारख्याच चरतात." आणि बोकडाचं नाव जावई. "ह्या घरात जो काम न करता खातो आणि वर शिंगं दाखवतो, त्याला दुसरं काय म्हणू?" तेव्हा आपल्या लेकीचं, सुनीताचं, लग्न व्हायचं होतं. पुढं तिचं लग्न झालं, घरात खराखुरा जावई आला, तरी तुम्ही बोकडाचं नाव बदललं नाही. आधी तो आला होता, हे तुमचं कारण.

पाच वर्षांपूर्वीचा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. आषाढात शेरडं विऊ लागली. गोठ्यात चिखल, वरून गळती, करडं ओली ती ओलीच. हगवण लागली, छाती भरली आणि एकामागून एक गेली. आयांना दूध नव्हतं, कारण माळावर पालाच नव्हता. उन्हाळ्यातच त्रेचाळीस तोंडांनी बोरीची झुडपं ओरबाडून काढली होती. नवीन फुटवा दिसला रे दिसला की कुणीतरी मामी त्याच्यावर पाय ठेवून उभी. दिवाळीला तुमच्या भावानं, ज्यांना भांडता येत नाही त्यांनी, जेवता जेवता सांगितलं, "पुढच्या पावसाळ्यात बी करडं अशीच मेली तर सगळी शेरडं काढून टाकू. नुसतं पुरायलाच पाळायची काय?"

तुम्ही पानावरून उठलात. मी मागं आले तर तुम्ही हौदापाशी हात धूत उभ्या होता, धुतलेलेच हात परत परत. मला म्हणालात, "शकू, शेरडं गेली तर ह्या घरात मी कोण गं?"

मला उत्तर सुचलं होतं, पण ते तुमच्या तोंडावर म्हणायची सवय नव्हती. त्याऐवजी मी चिटगुप्प्याला बचत गटाच्या शिबिराला नाव दिलं. शेळीपालनाचं दोन दिवसांचं शिबिर. खोटं कशाला बोलू, जेवण चांगलं असतं असंही ऐकलं होतं.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाई वयानं आपल्या सुनीताएवढ्या, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, करडं दिवाळीच्या पुढेमागे जन्मली पाहिजेत. तेव्हा पाऊस संपलेला असतो, गोठा कोरडा असतो, झाडाझुडपांना पाला असतो, आईला दूध येतं. शेळी पाच महिने गाभण राहते. म्हणून संक्रांतीपासून मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत बोकडाला आवरून धरायचं. त्याला कळपातून काढायची गरज नाही, पोटाखाली जाड फडकं बांधलं की झालं. दुसरी गोष्ट, माळ जितक्यांना पोटभर घालतो तितकीच शेरडं ठेवायची. माझ्याकडून सगळं विचारून घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी पंचवीस. त्रेचाळीस ठेवली तर त्रेचाळीस अर्धपोटी."

मी वही भरून आणली आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, मग विचारलंत, "ह्या बाईकडं किती शेरडं हायत?"

"एक बी न्हाई. डॉक्टर हाय ती."

"मग तिला कामून इचारायलीस?"

रात्रीच्या जेवणापर्यंत आपण भांडलो. त्रेचाळीस शेरडं माळावर चढली की मागं धूळ उडते आणि ती धूळ बघितली की पोट भरतं, असं तुमचं म्हणणं. कुणाचं पोट भरतं, असं माझं म्हणणं. शेवटी तुम्ही तोडगा काढलात, "एकच ऐकीन. जावयाला फडकं बांध. पर एक शेरडू इकणार न्हाई."

मी जुन्या ताडपत्रीचा तुकडा कापून, कडा दुमडून, मशीनवर शिवला. चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघींनी मिळून जावयाला ते नेसवलं. त्यानं आधी मागं वळून बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तोंड फिरवलंत. वेशीतून कळप निघाला तेव्हा पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "गोदाक्का, जावयाला लुंगी कोणत्या दुकानातून घेतली?" तुम्ही त्या दिवशी कळपापासून वीस पावलं मागं चालत होता, जणू ती शेरडं दुसऱ्या कुणाची होती.

इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही.

फाल्गुन लागला होता. तुम्ही आणि शंकरम्मा, तुमची माळावरची जोडीदारीण, हळ्ळीखेडला लग्नाला गेला होता. त्या दिवशी शेरडं दावणीलाच होती, मी पाला तोडून घातला होता. फडक्याला असा वास सुटला होता की मला गोठ्यात उभं राहवेना. मी ते सोडलं, जावयाला खुंट्याला बांधला, फडकं साबण लावून धुतलं आणि बोरीवर वाळत टाकलं. मग सुनीताचा फोन आला. तिला दुसऱ्यांदा दिवस होते आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. बोलता बोलता वेळ गेला. गोठ्यात परत आले तर खुंटा उपटलेला आणि जावई कळपाच्या मधोमध, अगदी तृप्त. मी त्याला ओढून परत बांधला. एवढ्या थोड्या वेळात काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. मग डोक्यात सुनीता शिरली, तिच्याकडं न्यायची पिशवी भरायला घेतली, आणि फडकं झाडावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जावयाच्या पोटाला बांधलेलं दिसलं. संध्याकाळी घाईत मीच बांधलं असेल, असं मी धरून चालले.

दहा दिवसांनी मी कडगंचीला सुनीताकडे गेले आणि दोन महिने राहिले. आपले जावई तिथंच नोकरीला, भाड्याची दोन खोल्यांची जागा. मी तुम्हाला रोज फोन करायची आणि तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून बोलायची. एके दिवशी जावई समोर बसून चहा पीत होते आणि मी फोनवर ओरडत होते, "अक्का, जावयाला मोकळं सोडू नका! त्याची नजर चांगली न्हाई! नाडी ढिली दिसली की लगीच आवळा!" कप तसाच धरून ते माझ्याकडं बघत राहिले. सुनीता आतून हसत आली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "समजलं, समजलं." पण त्यानंतर मी असेपर्यंत ते घरात लुंगी नेसले नाहीत.

सुनीताला मुलगी झाली, मी परत आले. रोहिणीला आपण जावयाचं फडकं काढलं. मला वाटलं, जिंकले. आणि श्रावणात एका आठवड्यात तीन शेरडं व्याली, दोन-दोन करडं. दहा दिवस गेले आणि आणखी सुरू झाली. एकूण दहा शेरडं भर पावसात व्याली.

तुमचे भाऊ गोठ्याच्या दारात उभे राहिले. मी बोटांवर महिने मागं मोजले आणि म्हटलं, "फाल्गुनात जावई मोकळा होता." तुम्ही करडू पुसत होता. मान वर न करता बोललात, "सोमवारी सोडत होते मी."

"कामून?"

"माझा उपास. संध्याकाळी मी उपास सोडणार आणि ते मुकं जनावर बांधलेलं? शंकराला काय तोंड दाखवू?"

तुमच्या सोमवारांत आणि पहिल्या तीन शेरडांत दहा दिवसांचं अंतर होतं. तुमचा पहिला सोमवार मी कडगंचीला गेल्यानंतरचा. ती तीन माझ्या धुण्याच्या दिवसाची होती. हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. बोटं अजून मोजायच्या जागीच होती. मी ती मिटून घेतली.

त्या पंधरवड्यात अकरा करडं गेली. तुम्ही गोठ्यात पोतं टाकून तिथंच बसून असायच्या, दोन करडं पदरात, एक मांडीवर, शेणीच्या धगीनं गोठा भरलेला. ओवा उकळून पाजलात, ताडपत्री टाकलीत, पावसाला शिव्या दिल्यात. पहिली चार गेली ती त्या पहिल्या तिघींची. तुम्ही बांधावर खड्डा घेतलात, मला हात लावू दिला नाहीत. परत आलात तेव्हा चिखल कोपरापर्यंत होता, आणि मी, शकुंतला, घरातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, तुमच्या सोमवारचं ह्या लेकरांनी भोगलं."

तुम्ही उलटून बोलला नाहीत. तीस वर्षांत ती एकच वेळ. मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नसेल.

आठ दिवसांनी तुम्ही इस्माईलचाचांना बोलावणं धाडलंत. चाचा चिटगुप्प्याच्या बाजारात शेरडांचा व्यापार करतात आणि वीस वर्षांत तुम्ही त्यांना बोकडांशिवाय काही विकलं नव्हतं. ते दारात आले, तुम्ही गोठ्याकडं बोट दाखवलंत, "अठरा न्या." चाचा खाली बसले. "अक्का, सोच को बोलरैं क्या?" "व्हय." "तबियत ठीक है ना?" तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि स्वतः निवडायला लागलात. दूध कमी असलेल्या, दात झिजलेल्या, दोनदा करडं गेलेल्या. एकेकीच्या मानेला हात लावून नाव घेत होता. उदगीरची मावशी निघाली तेव्हा मात्र तुम्ही आत निघून गेलात.

संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. तुमच्या भावानं काळजीपोटी माझ्या भावाला फोन केला आणि सांगितलं, "उदगीरची मावशी गेली. अक्का जेवायला तयार न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी माझे दोन चुलतभाऊ पांढऱ्या टोप्या घालून, हार घेऊन उदगीरला मावशीच्या दारात हजर. दार मावशीनंच उघडलं. मग तिचा मला फोन, "शकू, मी मेले म्हणं? कुणी सांगितलं? मी हितं पोहे खायलेय." मी समजावून सांगू लागले की ती मावशी वेगळी, चार पायांची, दात झिजलेली होती म्हणून विकली. ते ऐकून तर ती जास्तच भडकली. मी फोनवर माफी मागत होते आणि आतल्या खोलीतून तुमचं हसू ऐकू आलं. त्या दिवशी तुम्ही जेवलात. माझ्या चुलतभावांनी आणलेला हार मावशीनं देवाला घातला म्हणे, फुकट जाऊ नये म्हणून.

पुढचं साल कसं झालं ते आपल्या दोघींना पाठ आहे. पंचवीस शेरडं राहिली. संक्रांतीला जावयाला फडकं तुम्ही स्वतः बांधलंत, अशा गाठी मारल्यात की रोहिणीला विळ्यानं कापावं लागलं. माळावर तुम्ही एक उतार महिनाभर बंद ठेवायच्या, मग दुसरा. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बोरीला परत पाला धरला. दिवाळीच्या आधी चार दिवस पहिलं करडू आलं आणि फराळाच्या पंधरा दिवसांत आपलं अंगण करडांनी भरलं. पणत्या ठेवायला जागा नव्हती. जवळपास सगळी जगली. त्रेचाळीस होती तेव्हा वर्षाला जितकी करडं बाजाराला जायची, त्याच्या दुपटीनं पंचविसांतून गेली, आणि अंगानं भरलेली. चाचा बघायला आले तर म्हणाले, "अक्का, ये बच्चे हैं या पहलवान?" तुमच्या भावानं पत्रे आणून गोठा नीट केला आणि शेरडं काढायचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

आणि मग आपलं मोठं भांडण सुरू झालं. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

मी म्हणायची, करडं जगली ती फडक्यानं. कोरड्या दिवसांत जन्मली म्हणून जगली. तुम्ही म्हणायच्या, फडक्यात काय हाय, शेरडं कमी केली म्हणून आयांची पोटं भरली, दूध आलं, करडं जगली. "अठरा इकली कुणी? मी. त्यानं झालं." अक्का, दोन्ही गोष्टी शिबिरातून मी लिहून आणल्या होत्या. त्यातली एक तुम्ही सरळ उचललीत आणि स्वतःची म्हणून मलाच ऐकवू लागलात, माझ्याच वहीतल्या शब्दांत. "अर्धपोटी आईला दूध न्हाई," असं तुम्ही शेजारणीला समजावून सांगत होता तेव्हा मी चुलीपाशी बसून दात खात होते.

अडीच वर्षं चाललं. एकदा तुम्ही पैज लावलीत, "एक साल पंचवीसच ठिवू आणि जावयाला मोकळा सोडू. बघू." मी म्हटलं, "त्यापेक्षा परत त्रेचाळीस करा आणि फडकं बांधा. बघू." पैज कुणीच घेतली नाही. दोघींनाही भीती होती की दुसरी बरोबर निघेल. पावसाळ्याची आठवण तर होतीच. तुमचे भाऊ एकदा चुकून म्हणाले, "दोन्हीनं झालं असंल." आपण दोघींनी मिळून त्यांना इतकं सुनावलं की ते ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसले. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या ताटातली भाकरी दिली होतीत.

यंदा रोहिणीच्या दहा दिवस आधी तुम्ही गेलात. तीन दिवस ताप आणि बस. तुमच्यासारख्या बाईनं इतक्या लवकर ऐकावं, तेही तापाचं! सुतकात घर पाहुण्यांनी भरलेलं. उदगीरची मावशी आली, तुमच्यासाठी खरोखर रडली आणि डोळे पुसत मला म्हणाली, "माझ्या आधी गेली बघ. मला तर तिनं कवाच इकलं होतं." कुणी रडता रडता हसलं, कुणी हसता हसता रडलं.

रोहिणी लागली तेव्हा मी माजघरातून तुमच्या भावाला म्हटलं, "आज जावयाला सोडायला पाहिजे." ओसरीवर आपले खरे जावई बसले होते. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बरं होईल आई, माझी रजा पण संपत आलीय." भरल्या सुतकाच्या घरात बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. मी गोठ्यात गेले. नाडीच्या गाठी तुमच्याच होत्या. विळा घेतला आणि मग ठेवून दिला. नखांनी सोडवत बसले. बराच वेळ लागला.

चौदाव्या दिवशी मी पहिल्यांदा शेरडं घेऊन माळावर गेले. इतकी वर्षं घर माझं आणि माळ तुमचा, अशी आपली वाटणी होती. शेरडांनी मला मानलं नाही. धाकटी मामी माझ्यासमोर दुसऱ्याच्या उसाकडे निघून गेली. शंकरम्मानं हाळी घालून तिला वळवलं, मला बोरीच्या सावलीत बसवलं आणि आपली भाकरी सोडली. ती घरात कानडी, माळावर मराठी. दोन घास खाल्ल्यावर मीच बोलायला सुरुवात केली. का कोण जाणे. तुमच्या पाठीमागं तरी खरं सांगावं म्हणून सांगितलं, "शंकरम्मा, त्या सालची पहिली तीन शेरडं सोमवारची नव्हती. मी फडकं धुतलं होतं."

"हौदू, व्हय, ठाऊक हाय की," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"हळ्ळीखेडहून आमी दोघी संगंच आलाव की गं. तू घरात पिशवी भरायली होतीस. गोदाक्का पयलं गोठ्यात गेली. बोरीवर फडकं, जावयाच्या खुंट्याची माती नवी. तिनं शेरडांच्या शेपट्या उचलून बघितल्या, तीन बोटं दाखवली मला. मग फडकं आपल्याच हातानं बांधली. मी म्हणलं, शकूला इचार की. तर म्हणाली, लेकीकडं जायलीय ती, तिच्या जीवाला घोर नको. सांगू नको म्हणाली. म्हणून सांगितलं न्हाई."

"आणि करडं मेली तवा?"

"तवा बी मी म्हणलं, आता तरी सांग. ती म्हणाली, सोमवारची तर माझीच हायत ना, त्यात आणखी तीन काय जड हायत."

शंकरम्मा मग दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत राहिली. भाकरी हातातच राहिली आणि ती मोठ्या मामीनं खाल्ली.

चार वर्षं, अक्का! भाजीत मीठ कमी पडलं तर सहा महिने ऐकवणाऱ्या तुम्ही. माझ्या लग्नात पंगतीला बसवायला उशीर झाला हे गेल्या दसऱ्यालाही काढणाऱ्या तुम्ही. रोज संध्याकाळी फडकं की संख्या म्हणून आपण ओरडत होतो. "तुझंच फडकं झाडाला लटकत होतं," एवढं एक वाक्य बोलला असता तर मी कायमची गप्प झाले असते. ते तुमच्यापाशी होतं आणि तुम्ही काढलं नाहीत. तुम्हाला मला गप्प करायचं नव्हतं की काय? मला तर आता असंही वाटतं की त्या दिवशी माझं ते वाईट वाक्य तुम्हाला नीट ऐकू आलं होतं.

हौदापाशी तुम्ही मला विचारलं होतं ना, शेरडं गेली तर ह्या घरात मी कोण? तेव्हाच सांगायला हवं होतं. अक्का, शेरडं नसती तरी मी भांडायला तुमच्याकडेच आले असते. या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

परवा चिटगुप्प्याला बचत गटाची बैठक होती. डॉक्टरीणबाईंनी मला निरोप पाठवला होता, आपल्या शेरडांची गोष्ट बायकांना सांगा म्हणून. सुतकानंतर लगेच जाऊ नये असं काहीजणी म्हणाल्या, तरी मी गेले. चाळीसेक बायका होत्या. मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. लुंगी सांगितली, सोमवार सांगितले, आणि माझं धुणंही सांगितलं. तीन शेरडं माझी होती, मेलेली चार करडं माझी होती आणि बोल माझ्या नणंदेनं घेतला, हे चाळीस बायकांसमोर सांगितलं. उदगीरच्या मावशीला बायका इतक्या हसल्या की डॉक्टरीणबाईंना फळ्यावर डस्टर आपटावं लागलं.

मग मागून एकजण उठली, आपल्याच बाजूची, दहा-बारा शेरडं असतील तिच्याकडे. तिनं विचारलं, "पर अक्का, शेवटाला करडं कशानं जगली? फडक्यानं का शेरडं कमी केल्यानं?"

डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला पुढं झाल्या होत्या. मी त्यांना हातानं थांबवलं आणि म्हटलं, "शेरडं कमी केल्यानं. आमच्या गोदाक्काचं खरं होतं."

तुम्ही असता, तर जीव गेला तरी मी म्हटलं नसतं.

तुमची,
शकू